कायदाच बदलायचा आहे, तर खटला कसा उभारायचा?

या अंकासाठी आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच होता. एखाद्या माणसाला न्याय मिळवून देणं वेगळं आणि मुळात चुकीचा कायदा, नियम किंवा सरकारी रिवाज मानवी हक्कांशी जुळता करून घेणं वेगळं. हे दुसरं काम कोर्टातून करायचं तर तयारी काय लागते, असं वाचकांनी विचारलं आहे. वकील मंडळी याला ‘स्ट्रॅटेजिक लिटिगेशन’ म्हणतात. इथे आम्ही ‘धोरणात्मक खटला’ म्हटलं आहे. एकसारखे प्रश्न एकत्र करून आमच्या कायदा-पॅनेलने उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमची संस्था छोटी आहे. विषय कोणताही निघाला की सगळे म्हणतात, ‘पीआयएल टाका.’ जनहित याचिका हाच एक मार्ग आहे का? (एक कार्यकर्ती, सातारा)

मुळीच नाही, आणि बऱ्याचदा तो सर्वांत चांगला मार्गही नसतो. १९८० सालचं जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरण घ्या. बँकेने कर्जवसुलीचा हुकूमनामा मिळवला आणि ऋणकोला अटक करून दिवाणी तुरुंगात टाकण्याची मागणी केली. इतका साधा, रोजचा वसुलीचा मामला. पण नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ११ सांगतं की केवळ करारातली देणी भागवता येत नाहीत म्हणून कुणाला कैदेत टाकू नये. भारताने तो करार १९७९ मध्ये स्वीकारलेला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ५१ घटनेच्या अनुच्छेद २१ (जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आणि या कराराच्या उजेडात वाचलं आणि ठरवलं की नुसतं ‘पैसे दिले नाहीत’ हे पुरेसं नाही. ऐपत असून बुडवण्याचा खोटा हेतू दिसला पाहिजे. कायद्यातला एक शब्दही न बदलता त्याचा अर्थ बदलला, आणि तो एका सामान्य वसुलीच्या अपिलातून.

म्हणून आधी दोष कुठे आहे ते शोधा. दोष कायद्याच्या मजकुरातच असेल, तर तो रद्द करून घेण्याची किंवा संकुचित अर्थ लावून घेण्याची रिट याचिका (थेट उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात करायची घटनात्मक याचिका). दोष नियमात किंवा जीआरमध्ये असेल, तर मूळ कायद्याला हात न लावता तेवढाच नियम पाडता येतो. सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारी ‘फॅक्ट चेक युनिट’ला देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये असाच रद्द केला, माहिती तंत्रज्ञान कायदा जागेवरच राहिला. कायदाच नसेल, पोकळी असेल, तर विशाखा प्रकरणाचा रस्ता, त्याबद्दल पुढे येईलच. आणि कायदा चांगला असून अधिकारी पाळत नसतील, तर तो अंमलबजावणीचा प्रश्न आहे. तिथे घटनात्मक वैधतेचे मुद्दे उपसत बसलात तर न्यायाधीश पहिल्याच तारखेला विचारतील की तुम्हाला नेमकं हवंय काय.

फौजदारी खटल्यातली आरोपमुक्ती, सेवाविषयक वाद, कामगार न्यायालयातली तक्रार, यांपैकी कुठूनही धोरणात्मक मुद्दा वर नेता येतो. फक्त तो खालच्या पातळीवरच लेखी नोंदवलेला असावा. अपिलात ऐनवेळी काढलेल्या मुद्द्याला ‘हे आधी कुठे होतं?’ हा प्रश्न हमखास येतो.

प्रश्न : भारताने सही केलेल्या मानवी हक्क करारावर थेट बोट ठेवून उच्च न्यायालयात दाद मागता येते का? (विधी शाखेचा विद्यार्थी, पुणे)

थेट नाही. आपल्याकडे करार आपोआप देशाचा कायदा होत नाही. अनुच्छेद २५३ प्रमाणे संसदेला कायदा करावा लागतो. पण अनुच्छेद ५१(ग) आंतरराष्ट्रीय कायद्याविषयी आदर जोपासायला सांगतो, आणि न्यायालयांनी यातून एक वाट पाडली आहे : देशाचा कायदा कराराच्या स्पष्ट विरोधात नसेल, तर कायद्याचा अर्थ कराराशी सुसंगत लावायचा, आणि कायदाच नसेल तर करारातला मजकूर मूलभूत हक्कांत वाचायचा.

१३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालात हेच झालं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावर तेव्हा कायदा नव्हता. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या ‘सीडॉ’ करारावर भारताने १९९३ मध्ये शिक्कामोर्तब केलेलं होतं. न्यायालयाने त्याची कलमं अनुच्छेद १४, १५, १९(१)(छ) आणि २१ शी (समानता, भेदभावबंदी, व्यवसायाचं स्वातंत्र्य आणि जीविताचा हक्क) जोडली आणि संसद कायदा करेपर्यंत बंधनकारक राहतील अशी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. संसदेचा कायदा आला २०१३ मध्ये. मधली सोळा वर्षं कार्यालयांत, निदान कागदावर, या तत्त्वांचंच राज्य होतं.

याचिकेत कराराचा वापर करताना दोन चुका फार दिसतात. पहिली, पाठोपाठ दहा करारांची नावं. त्यापेक्षा एकच कलम घ्या, त्याचा क्रमांक, भारताने करार स्वीकारल्याची तारीख आणि संबंधित समितीचं त्या कलमावरचं स्पष्टीकरण द्या, आणि लगेच तो मुद्दा आपल्या कोणत्या मूलभूत हक्कात बसतो ते सांगा. दुसरी चूक जास्त महागात पडते : भारताने नोंदवलेली राखीव मतं, म्हणजे करार स्वीकारताना घातलेल्या मर्यादा, न तपासणं. सीडॉच्या कलम ५(अ) आणि १६(१) बाबत भारताने जाहीर केलं आहे की कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत त्याच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप न करण्याचं आपलं धोरण आहे. व्यक्तिगत कायद्याविरुद्धच्या (लग्न, वारसा वगैरेंच्या धर्मनिहाय कायद्याविरुद्धच्या) याचिकेत सरकारी वकील हा कागद काढणारच. त्याचं उत्तर याचिकेतच तयार असायला हवं.

राखीव मत म्हणजे शेवटचा शब्द असतो असंही नाही. बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा अंमलबजावणीयोग्य हक्क आपल्या कायद्यात नाही, असं भारताने नागरी-राजकीय हक्कांचा करार स्वीकारतानाच नोंदवलं होतं. पण १९८३ च्या रुदल शाह प्रकरणापासून आपलीच न्यायालयं अशी भरपाई देऊ लागली, आणि कोठडीतल्या छळाबाबतच्या डी. के. बसू निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की त्या राखीव मताला आता अर्थ उरलेला नाही. स्वतःच्या कायद्याने मागे टाकलेलं राखीव मत शोधून काढणं हे वकिलाच्या कनिष्ठांना द्यावं असं उत्तम काम आहे.

प्रश्न : आमचा मुद्दा तत्त्वतः इतका उघड आहे, की पुरावा कशाला लागेल असं वाटतं. तरी विचारतो, किती कागद जमवायचे? (शिक्षक, नांदेड)

‘मुद्दा उघड आहे’ या समजुतीने जितक्या याचिका बुडाल्या तितक्या क्वचितच दुसऱ्या कशाने बुडाल्या असतील.

समलिंगी संबंधांनाही गुन्हा ठरवणाऱ्या, भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ चा प्रवास बघा. नाझ फाउंडेशनची याचिका २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली. २००४ मध्ये ती फेटाळली गेली, कारण संस्थेवर स्वतःवर त्या कलमाचा घाव पडलेला नाही, प्रश्न निव्वळ तात्त्विक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्रकरण परत पाठवलं, २००९ मध्ये उच्च न्यायालयात विजय मिळाला, आणि ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या कौशल निकालाने तो उलटवला. त्या निकालातलं तत्त्वज्ञान बाजूला ठेवा आणि पुराव्यावरचे परिच्छेद वाचा. न्यायालय म्हणतं की सरकारी यंत्रणेने केलेल्या भेदभावाच्या घटनांचा तपशील याचिकाकर्त्यांनी दिलेला नाही, आणि दीडशे वर्षांत या कलमाखाली दोनशेहून कमी खटले झालेले दिसतात. तो आकडा म्हणजे वरिष्ठ न्यायालयांच्या छापील निकालांतून दिसणारी संख्या. पोलीस ठाण्यात उकळलेले पैसे, धमक्या, घरमालकाने काढलेलं घर यांपैकी काहीच तिथे दिसत नाही. पण जे रेकॉर्डवर नसतं ते न्यायालयासाठी घडलेलंच नसतं.

२०१६ मध्ये नवतेज जोहर प्रकरणात म्हणूनच संस्थेऐवजी पाच माणसं स्वतः पुढे आली. आमच्यावर हे कलम काय करतं, ते शपथेवर सांगितलं गेलं. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाचा हक्क मान्य करताना कौशलच्या तर्कावर टीका केली, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ गेलं. नव्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच घेतलेलं नाही. (त्यातून पुरुषावर झालेल्या लैंगिक अत्याचारासाठी वेगळं कलमच उरलं नाही, ही नवी भानगड. खटल्याने अर्धं कलम पाडलं होतं, संसदेने उरलेलंही टाकून दिलं.)

आता आपल्याच राज्यातलं उलट उदाहरण. २००५ मध्ये महाराष्ट्राने मुंबई पोलीस कायद्यात कलम ३३अ आणि ३३ब घालून डान्सबारवर बंदी आणली. तीन किंवा जास्त तारे असलेल्या हॉटेलांना मात्र सूट होती. सरकारचं म्हणणं होतं की बारमध्ये स्त्रियांचं शोषण होतं आणि त्यांची तस्करी होते. एसएनडीटी विद्यापीठाचं स्त्री-अभ्यास केंद्र आणि स्त्री संघटनांनी मिळून पाचशे नर्तकींची पाहणी केलेली होती : त्या कुठून आल्या, आधी काय काम करत होत्या, कमावतात किती, घरात खाणारी तोंडं किती. ही पाहणी न्यायालयासमोर आली. सरकारच्या दाव्याला सरकारच्याच अहवालांचा आधार पुरत नाही, असं दिसलं. २००६ मध्ये उच्च न्यायालयात आणि १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयात बंदी टिकली नाही. बंदीमुळे सुमारे ७५ हजार स्त्रियांचा रोजगार गेल्याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे.

कागद किती, याला आकडा नाही, पण प्रकार सांगता येतात. एक, बाधित व्यक्तींची शपथपत्रं : तारीख, ठिकाण, कोणी काय केलं, त्याचा परिणाम काय, एवढंच. विशेषणं काढून टाका. दोन, माहिती अधिकारातून मिळालेले आकडे. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसणारा लागतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. इथे लोक चुकतात ते असं की ‘अंमलबजावणी का होत नाही?’ असं विचारतात. ‘का’ ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. ‘१ एप्रिल ते ३१ मार्च या काळात अमुक कलमाखाली नोंदवलेल्या गुन्ह्यांची पोलीस ठाणेनिहाय संख्या’ असं विचारा, आणि हाच मजकूर प्रत्येक तालुक्याला वेगवेगळ्या अर्जाने पाठवा. काही ठिकाणांहून ‘माहिती संकलित नाही’ असं उत्तर येईल. तेही जपून ठेवा, कारण सरकार कायद्याचं समर्थन आकड्यांशिवाय करतं आहे हे त्यातूनच सिद्ध होतं. तीन, सरकारकडे केलेलं निवेदन आणि त्याची पोच. चार, तज्ज्ञाचं शपथपत्र, पण तेव्हाच जेव्हा मुद्दा वैद्यकीय किंवा तांत्रिक असेल.

वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर भिस्त ठेवू नका. कात्रणाने विषय कळतो, शाबित काही होत नाही. मोबाइलमधले फोटो आणि चॅट जोडायचे असतील तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र सोबत द्या. रिट याचिकेत पुराव्याचे नियम तितके काटेकोर लागत नाहीत, पण हरकतीला वाव कशाला ठेवायचा? सर्वोच्च न्यायालयात मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर लागतंच; ते शेवटच्या रात्री करू नका. सातबारा, फेरफार, पंचनामा यांची भाषांतरं घाईत हटकून बिघडतात.

प्रश्न : कोल्हापूरला आता मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झालं. केंद्राच्या कायद्याला तिथे आव्हान देता येईल, की थेट दिल्ली गाठावी? (वाचक, सांगली)

येईल. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापुरात चालतात, आणि अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय केंद्रीय कायद्याची वैधताही तपासू शकतं. अशा आव्हानात केंद्राच्या कायद्यासाठी महान्यायवादींना, राज्याच्या कायद्यासाठी महाधिवक्त्यांना नोटीस जायला हवी. ती राहिली की तारीख वाया.

आमचा कल बहुतेक प्रकरणांत उच्च न्यायालयाकडे आहे. तिथे तथ्यं ऐकून घ्यायला वेळ मिळतो, रेकॉर्ड तयार होतं, आणि हरलात तर वर एक पायरी शिल्लक असते. अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात हरलात तर उरते पुनर्विलोकन आणि मग क्युरेटिव्ह याचिका (त्याच न्यायालयातला अगदी शेवटचा उपाय), दोन्हींचं दार अरुंद. शिवाय प्रतिकूल निकाल देशभरासाठी पक्का होतो. सर्वोच्च न्यायालय गाठायचं ते दोन-तीन उच्च न्यायालयांनी परस्परविरोधी निकाल दिले असतील तेव्हा, किंवा एखादा जुना निकालच मोठ्या पीठाकडून बदलून घ्यायचा असेल तेव्हा.

जनहित याचिका असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचे २०१० चे जनहित याचिका नियम वाचा. याचिकाकर्ता कोण, त्याचा वैयक्तिक स्वार्थ आहे का, माहिती कुठून मिळाली, त्याच्यावर इतर कोणते दावे आहेत, आधी सरकारकडे दाद मागितली का, हे सगळं उघड करायचं असतं. २०१० मध्येच बलवंतसिंह चौफाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयांना याचिकाकर्त्याची पार्श्वभूमी तपासून घ्यायला सांगितलं. संस्थेच्या एखाद्या विश्वस्ताचा त्याच जमिनीवर दावा चालू असेल आणि तो लपवला, तर मूळ मुद्दा कितीही भक्कम असो, याचिका खर्चासकट बाहेर जाते.

प्रश्न : याचिकाकर्ता म्हणून कोणाला पुढे करायचं? पीडित व्यक्तीच घाबरलेली आहे. (वकील, छत्रपती संभाजीनगर)

घाबरलेल्या माणसाला पुढे करू नका, इतकं सरळ उत्तर आहे. खटला पाच-सात वर्षं चालू शकतो. त्या काळात तिची नोकरी, लग्न, गाव सगळं बदलेल. तिचं आजचं हित आणि खटल्याचं हित एक आहे का, हे वकिलाने तिला एकटीला बसवून, संस्थेचे लोक बाहेर ठेवून विचारायला हवं. समोरच्याने तडजोड देऊ केली तर ती घ्यायचा तिला पूर्ण हक्क आहे. तसं झालं तर खटल्याचं काय, याचा विचार संस्थेने आधी करावा, तिच्यावर ओझं टाकू नये.

त्यासाठी तोडगा एकच : एकापेक्षा जास्त याचिकाकर्ते, वेगवेगळ्या परिस्थितीतले. सरकारची एक जुनी युक्ती आहे. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात त्या एकट्या माणसाचं काम करून द्यायचं, निवृत्तिवेतन सोडायचं, दाखला द्यायचा, आणि कोर्टात सांगायचं की आता याचिकेत काही उरलं नाही. चार याचिकाकर्ते असले, किंवा एक व्यक्ती आणि एक संस्था अशी जोडी असली, तर ही युक्ती चालत नाही. संस्था एकटी असली की नाझसारखा ‘तुमच्यावर काय परिणाम?’ हा प्रश्न येतो. व्यक्ती एकटी असली की ही युक्ती. म्हणून जोडी.

बलात्कार किंवा बालकांवरील अत्याचाराच्या प्रकरणात ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. शीर्षकात ‘क्ष’ किंवा ‘अबक’ लिहा आणि ओळखीचे कागद सीलबंद लिफाफ्यात देण्याची परवानगी मागा. मात्र जोडपत्रांमधल्या एफआयआरच्या प्रतीत नाव तसंच राहून जातं. प्रत्येक पान पेन घेऊन तपासा.

प्रश्न : याचिकेतल्या मागण्या कशा लिहायच्या? ‘योग्य तो आदेश व्हावा’ पुरे नाही का? (स्वयंसेवी संस्था, गडचिरोली)

‘योग्य तो आदेश’ शेवटी असतोच. पण तेवढाच मागितलात तर मिळेल ‘सरकारने विचार करावा’.

अन्नाच्या हक्काच्या, पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या प्रकरणात २८ नोव्हेंबर २००१ चा अंतरिम आदेश पाहा. शाळेत शिजवलेलं जेवण द्या, दर मुलामागे किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने, वर्षातले किमान २०० दिवस. हे मोजता येतं. गावातली आईसुद्धा सांगू शकते की आदेश पाळला गेला की नाही. पुढे न्यायालयाने देखरेखीसाठी आयुक्त नेमले आणि प्रकरण वर्षानुवर्षं उघडं ठेवून आदेश देत राहिलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याची बरीचशी हाडं या आदेशांतली आहेत.

मागण्या उतरत्या क्रमाने लावा : कलम घटनाबाह्य ठरवा, ते शक्य नसेल तर त्याचा अमुक संकुचित अर्थ लावा, तेही नसेल तर निदान अमुक कार्यपद्धती ठरवून द्या, आणि दरम्यान याचिकाकर्त्यांवर सक्तीची कारवाई नको. मधला पर्याय लिहायला विसरू नका. अख्खं कलम पाडायला कचरणारे न्यायाधीश मधल्या पर्यायावर अनेकदा राजी होतात. २०१७ च्या इंडिपेंडंट थॉट प्रकरणात मागणी मुद्दाम आखडती होती : वैवाहिक बलात्काराचा सगळा प्रश्न नको, पतीला बलात्काराच्या कलमातून सूट देणारा अपवाद फक्त १५ ते १८ वयाच्या पत्नीपुरता काढा. ती मान्य झाली, आणि नव्या न्याय संहितेत वयाची रेषा १८ वरच आली. मोठ्या प्रश्नाचं काय, अशी टीका तेव्हा झाली, ती रास्तच. पण सगळं मागून सगळं गमावलं असतं तर हा तुकडाही गेला असता.

संसदेच्या किंवा विधिमंडळाच्या कायद्याला अंतरिम स्थगिती मिळेल या आशेवर आखणी करू नका. कायदा वैध आहे असं धरूनच न्यायालय चालतं.

प्रश्न : हरलो तर? (वाचक, मालेगाव)

हरण्याचा खर्च तुमच्यापुरता राहत नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. १९६२ मध्ये दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो घटनाबाह्य ठरवला. सुधारणावाद्यांनी १९८६ मध्ये या निकालाच्या फेरविचारासाठी याचिका केली. २०२३ मध्ये ती नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवण्यात आली. मधल्या काळात महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा नवा कायदा केला, पण जुन्या निकालाची सावली विषयावर कायम आहे.

तेव्हा खटला दाखल करण्याआधी एक बैठक फक्त यासाठी घ्या : हरलो तर आज आहे त्याहून वाईट काय होईल? उत्तर ‘बरंच’ असेल तर थांबा, किंवा मुद्दा लहान करा. दुसऱ्या कुणाची कच्ची याचिका आधीच लागलेली असेल, तर वेगळी टाकण्यापेक्षा हस्तक्षेप अर्ज करून आपला पुरावा तिथे न्या.

प्रश्न : निकाल लागला, जिंकलो. पुढे काय? (पत्रकार, पालघर)

पालघरहून हा प्रश्न यावा हे बरं झालं. नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका पोस्टवरून तिथे दोन तरुणींना अटक झाली, त्यानंतर ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ ला श्रेया सिंघल यांनी आव्हान दिलं, आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम संपूर्ण रद्द केलं. यापेक्षा स्वच्छ विजय सहसा मिळत नाही. तरी ठाण्यांमध्ये गुन्हे नोंदवले जातच राहिले. छापील कायद्याच्या पुस्तकात कलम तसंच होतं, रद्द झाल्याची सूचना तळटिपेत. २०१९ मध्ये निकालाच्या प्रती सर्व जिल्हा न्यायालयांना आणि पोलिसांना पोचवण्याचा आदेश द्यावा लागला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये, असा पुन्हा एक.

दुसरा धोका विधिमंडळाकडून येतो. २०१३ मध्ये डान्सबार-बंदी पडल्यावर राज्याने २०१४ मध्ये तारांकित हॉटेलांची सूट काढून बंदी पुन्हा आणली. भेदभाव हा आक्षेप होता ना, घ्या, आता सगळ्यांनाच बंदी! २०१५ मध्ये तिला स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये तिसरा कायदा आला, आता बंदीऐवजी अटी : सीसीटीव्ही, मद्य आणि नाच वेगवेगळ्या खोल्यांत, धार्मिक स्थळं आणि शाळांपासून एक किलोमीटर अंतर. १७ जानेवारी २०१९ ला यातल्या कित्येक अटी रद्द झाल्या. एक मुद्दा आणि चौदा वर्षं. वकिलाची फी आणि संघटनेचा दम पहिल्या फेरीतच संपवू नये, तो यामुळे.

तिसरा धोका शांत असतो. विशाखानंतरही समित्या बनत नव्हत्या. पुण्याच्या मेधा कोतवाल लेले यांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा २०१२ मध्ये राज्यांना खडसावावं लागलं. कायदा झाल्यानंतर दहा वर्षांनी, मे २०२३ मध्ये, गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाच्या निमित्ताने तेच न्यायालय नोंदवतं की पाहणीतल्या ३० राष्ट्रीय क्रीडा महासंघांपैकी १६ ठिकाणी अंतर्गत समितीच नाही.

म्हणून निकालाच्या दिवशीच कामं वाटून घ्या. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज. दोन पानी मराठी सारांश, परिच्छेद क्रमांकांसह. मुख्य सचिव, संबंधित खात्याचे सचिव, पोलीस महासंचालक आणि जिल्हाधिकारी यांना रजिस्टर पोस्टाने प्रती, आणि पोचपावत्या एका फायलीत. सहा महिन्यांनी त्याच माहिती अधिकार अर्जांची दुसरी फेरी, म्हणजे आधीच्या आणि आताच्या आकड्यांची तुलना करता येते. अवमान याचिकेला एक वर्षाची मुदत आहे, आणि ती अवज्ञा घडल्यापासून मोजतात. फाइल बघायला दीड वर्षाने कुणाला वेळ मिळाला तर तो रस्ता बंद झालेला असतो. शिवाय निकाल तुमच्या बाजूने लागल्यावर सरकारने अपील केलं नाही म्हणून सैल होऊ नका. २००९ च्या ३७७ निकालाविरुद्ध केंद्राने अपील केलंच नव्हतं, खासगी व्यक्तींनी केलं आणि तेच जिंकलं.

प्रश्न : एवढा खर्च झेपणार कसा? (वाचक, धुळे)

कायदेशीर सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, उच्च न्यायालयातसुद्धा. खर्चाचा मोठा भाग वकिलापेक्षा झेरॉक्स, भाषांतरं, प्रवास आणि शपथपत्रांसाठी माणसांना तालुक्याला आणण्यात जातो. अंदाजपत्रकात लोक तोच धरत नाहीत.

प्रश्न : मी परदेशात असते. भारतातल्या प्रकरणात संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करता येईल का? (वाचक, लंडन)

वैयक्तिक तक्रार म्हणून नाही. नागरी-राजकीय हक्क, सीडॉ, अपंगांचे हक्क यांच्या ज्या पूरक करारांतून अशी तक्रार करता येते ते भारताने स्वीकारलेले नाहीत, आणि छळविरोधी करारावर १९९७ मध्ये सही झाली तरी शिक्कामोर्तब झालेलं नाही. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा तर इथे संबंधच येत नाही. करता येतं ते असं : भारताचा अहवाल समितीसमोर येतो तेव्हा संस्थांनी पर्यायी अहवाल देणं, सार्वत्रिक आढाव्यासाठी (संयुक्त राष्ट्रांत प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांचा ठरावीक काळाने होणारा आढावा) टिपण देणं, आणि विषयानुसार नेमलेल्या विशेष प्रतिवेदकांना (संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र तज्ज्ञांना) पत्र लिहिणं. प्रतिवेदकांकडे जाण्याआधी देशातले सगळे मार्ग संपलेले असण्याची अट नाही. समितीच्या निष्कर्षांतला एखादा परिच्छेद पुढे उच्च न्यायालयातल्या याचिकेला जोडता येतो, आणि वजनदार ठरतो.

पत्र पाठवण्याआधी मात्र इथल्या वकिलाला दाखवा. प्रतिवेदकांनी सरकारला पाठवलेली पत्रं साधारण साठ दिवसांनी जाहीर होतात. त्यात याचिकेतल्या शपथपत्राशी न जुळणारी एखादी तारीख किंवा आकडा असला, तर सरकारी वकील तेच पान पुढच्या सुनावणीत वाचून दाखवतील.